मदत हवी आहे: ७१०६ आयसीचा जुना डिजिटल मल्टिमीटर फक्त ऋण व्होल्टेज जास्त दाखवतो

नमस्कार.

वडिलांनी १९८९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साडेतीन अंकी डिजिटल मल्टिमीटर माझ्याकडे आहे. रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीसाठी तो वीस वर्षांहून अधिक काळ रोज हाताळला गेला. त्याच्या जागी नवा मीटर सहज घेता येईल. पण मला हाच नीट करायचा आहे, आणि तो नेमका कुठे व का चुकतो हे समजून घ्यायचे आहे. आत ४० पिनांची आयसीएल ७१०६ (व्होल्टेज मोजून आकडा थेट डिस्प्लेवर उमटवणारी आयसी) सॉकेटमध्ये बसवलेली असून तिच्याभोवतीचा प्रत्येक रेझिस्टर आणि कपॅसिटर डोळ्यांना दिसतो. पुढच्या काळातल्या स्वस्त मीटरांत हेच सर्किट काळ्या राळेच्या ठिपक्याखाली दडलेले असते आणि तिथे आपले हात टेकतात. म्हणूनही हा मीटर मला मोलाचा वाटतो.

दोष असा आहे. दोन सेलांना १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लावून मी वेगवेगळी व्होल्टेज काढली आणि खात्रीसाठी एक नवा मीटर समांतर जोडून ठेवला. २ व्होल्टच्या रेंजवर लाल प्रोब धन टोकाला असताना जुना मीटर ०.५००, १.०००, १.५०० आणि १.८०० अशी चोख रीडिंग देतो. प्रोब उलटे केले की त्याच चार व्होल्टेजना अनुक्रमे -०.५०२, -१.००८, -१.५१९ आणि -१.८२७ असे आकडे येतात, तर नवा मीटर दोन्ही बाजूंनी सारखेच दाखवतो. २०० मिलिव्होल्ट आणि २० व्होल्टच्या रेंजवरही डिस्प्लेवरच्या तेवढ्याच आकड्याला तेवढीच चूक येते, त्यामुळे इनपुटला असलेली १० मेगाओहमची विभाजक साखळी निर्दोष असावी, असे मी धरले आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली: हीच तपासणी फेब्रुवारीत केली होती, तेव्हा १.८ व्होल्टला जेमतेम ८-१० काउंटचा (म्हणजे डिस्प्लेच्या शेवटच्या अंकाच्या ८-१० एककांचा) फरक होता. आता जुलैत तो २७ वर गेला आहे.

आतापर्यंत तपासलेले सांगतो. बॅटरी नवी असून ९.२ व्होल्ट देते. पिन १ (बॅटरीचे धन टोक) आणि पिन ३२ म्हणजे कॉमन (मोजणीचा सामाईक बिंदू) यांच्यात २.८७ व्होल्ट आहेत. पिन ३६ आणि ३५ यांच्यामधला संदर्भ व्होल्टेज (ज्याच्याशी तुलना करून आयसी मोजते तो) १००.० मिलिव्होल्ट असून तो अजिबात हलत नाही. प्रोब एकमेकांना टेकवले की शून्य येते. पिन ३७ क्षणभर पिन १ ला लावली तर -१८८८ पूर्ण उमटते (ही चाचणी जास्त वेळ चालू ठेवू नये, कारण त्या स्थितीत एलसीडीला एकदिश व्होल्टेज मिळून ती खराब होऊ शकते). पिन ३१ ला पिन ३६ वरचा संदर्भच दिला तर १००.० येते. पिन २१ वर, म्हणजे डिस्प्लेच्या बॅकप्लेनवर, ६० हर्ट्झ मिळतात. ही वारंवारता घड्याळाच्या आठशेव्या हिश्शाइतकी असते, म्हणजे घड्याळ ४८ किलोहर्ट्झवर ठीक चालले आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मीटर अधूनमधून बंद पडत असे. तेव्हा सॉकेटच्या ३३ ते ३६ या पिनांभोवती सोल्डरला गोल चिरा दिसल्या. सोल्डर धरत नव्हते, म्हणून थोडी सोल्डर पेस्ट (सोल्डर धरण्यासाठी लावतात तो फ्लक्स) लावून मी त्या पुन्हा तापवून घेतल्या आणि मीटर सुरू झाला.

ही आयसी कशी चालते, याविषयी माझी समजूत पुढीलप्रमाणे आहे. ती मोजायचे व्होल्टेज ठरावीक १००० काउंट इतका वेळ इंटिग्रेटरवर (व्होल्टेज वेळेनुसार साठवत जाणाऱ्या भागावर) चढवते, मग उलट दिशेचा संदर्भ लावून तो चढ शून्यापर्यंत उतरवते आणि उतरायला लागलेले काउंट डिस्प्लेवर दाखवते. संदर्भ व्होल्टेज मात्र ती थेट वापरत नाही. पिन ३३ आणि ३४ मधला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आधी संदर्भाइतका चार्ज करून घेते आणि उतरवताना तो गरजेनुसार सुलट किंवा उलट जोडते. इथेच माझे कोडे आहे. दोन्ही दिशांना कपॅसिटर एकच असेल, तर चूक एकाच दिशेला का यावी? आणि तोडगा म्हणून संदर्भाचा ट्रिमर किंचित फिरवून चूक दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटून टाकणे कितपत योग्य ठरेल?

प्रतिसाद १

३३-३४ वरचा कपॅसिटर आधी बदलून पाहावा. इतक्या वर्षांनी तो आतून गळत असण्याची शक्यता आहे. पॉलिप्रॉपिलीनचा किंवा निदान चांगल्या मायलरचा घ्यावा, सिरॅमिक चकती वापरू नये.

धागाकर्ता

कपॅसिटर बदलला. -१.८२७ च्या जागी अजूनही -१.८२७ च येते, एका काउंटचाही फरक पडला नाही.

प्रतिसाद २

कपॅसिटर निर्दोष असणार, हे आपल्याच आकड्यांवरून दिसते. तो स्वतः गळत असता, म्हणजे ३३ आणि ३४ एकमेकींत गळत असत्या, तर दोन्ही दिशांना सारखीच चूक आली असती. इनपुट धन असताना आयसी पिन ३४ ची बाजू कॉमनला पक्की बांधते आणि ३३ ची बाजू मोकळी ठेवून ऋण संदर्भ म्हणून वापरते. इनपुट ऋण असताना ३३ बांधलेली असते आणि ३४ मोकळी. आपली चूक फक्त ऋण दिशेला आहे, म्हणजे ३४ मोकळी असताना तिच्यावरचा चार्ज दुसरीकडे कुठेतरी झिरपतो आहे. तिच्या शेजारची पिन ३५ बहुतेक मीटरांत कॉमनलाच जोडलेली असते, तेव्हा वाट तिथूनच असावी. चार्ज कमी झाला की संदर्भ घटतो, उतरायला जास्त वेळ लागतो आणि रीडिंग फुगते.

आता आपली चूक पाहा: ५०० काउंटला २, १००० ला ८, १५०० ला १९, १८०० ला २७. आकडा दुप्पट झाला की चूक चौपट होते. गळती जितका वेळ चालते तितका संदर्भ खाली जातो, आणि तो घटलेला संदर्भ पुन्हा तितकाच वेळ वापरला जातो, म्हणून हा वर्गाचा हिशेब येतो. ट्रिमरने सगळे आकडे एकाच प्रमाणात बदलतात, त्यामुळे ही चूक त्याने कधीच मिटणार नाही आणि आज बरोबर असलेली धन बाजूही बिघडेल. त्याला हात लावू नये, ही विनंती.

४८ किलोहर्ट्झला १८०० काउंट म्हणजे १५० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सरासरी दीड टक्का, म्हणजे शेवटी सुमारे तीन टक्के संदर्भ गेला आहे. यावरून कालांक (रोध आणि कपॅसिटर यांचा गुणाकार) ५ सेकंद येतो आणि ०.१ मायक्रोफॅरडला गळतीचा रोध सुमारे ५० मेगाओहम. साध्या मीटरच्या २० मेगाओहमच्या रेंजवर ही वाट दिसणारच नाही, पण या सर्किटला ती पुरेशी आहे. आपण लिहिलेली सोल्डर पेस्ट आणि कोकणातला पावसाळा या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर मला फारशी शंका उरली नाही. पेस्टचा उरलेला थर हवेतली ओल धरून ठेवतो.

आयसी काढून ठेवावी आणि सॉकेटखाली, दोन्ही बाजूंनी, आयसोप्रोपिल अल्कोहोल व जुन्या टूथब्रशने दोन-तीनदा धुवावे. थिनर वापरू नये. बोर्डावर पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर असले तर ते विरघळतात. त्याआधी एक प्रयोग जरूर करावा: -१.८ व्होल्ट लावून ठेवावेत आणि ३३ ते ३६ या पिनांवर तोंडाची वाफ सोडावी.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. वाफ सोडताच आकडा -१.८२७ वरून -१.९१० च्या पुढे गेला आणि अर्ध्या मिनिटात हळूहळू परत आला. सॉकेट उचकटून काढले, तर खाली ३४ आणि ३५ यांच्यामध्ये तपकिरी, बोटाला चिकटणारा थर होता. तीनदा धुतले, ६० वॉटच्या बल्बखाली दोन तास वाळवले आणि नवे सॉकेट बसवताना पेस्टऐवजी फक्त रोझिन असलेली सोल्डरची तार वापरली. आता -०.५००, -१.०००, -१.५०० आणि -१.८०१ अशी रीडिंग येतात. वाफ सोडल्यावर आकडा हलत नाही. आज सकाळपासून इकडे संततधार आहे, तरी संध्याकाळी पुन्हा मोजले तेव्हा हेच आकडे होते. ट्रिमर जसा होता तसाच आहे.