शब्दचर्चा: गाडीत बंदूक ‘बाळगणे’, ‘वागवणे’ की ‘वाहून नेणे’?

मूळ प्रश्न (पुण्याहून)

माझा मामेभाऊ बारा वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे. आता नोकरीसाठी टेक्ससला बिऱ्हाड हलवतोय आणि सामान घेऊन गाडीनेच निघणार आहे. त्याच्याकडे रीतसर विकत घेतलेली एक शॉटगन आहे, तीही सोबत जाणार. इकडे रत्नागिरीत मामांच्या जिवाला घोर. मामांकडे स्वतःची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक जाहीर झाली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतात. बंदूक म्हटली की कागद आलेच, हे त्यांना पक्कं ठाऊक. मला म्हणाले, “तो फोनवर सांगतो ते अर्धं इंग्रजीत. तू मला मराठीत नीट लिहून दे.”

लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले: ‘स्वसंरक्षणासाठी गाडीत बंदूक बाळगता येते का?’ मराठीत वाक्य सरळ आहे, पण तिकडच्या कायद्यात पझेस, कॅरी आणि ट्रान्सपोर्ट ही तीन निरनिराळी क्रियापदं आहेत, आणि तिन्हींना मी ‘बाळगणे’च लिहीत होते. दुसरी अडचण ‘लाँग गन’ची. ‘लांब बंदूक’ लिहिलं तर मामा विचारणार, आखूड बंदूक कुठली असते गं?

सिंधुदुर्गातून

ताई, मामांचं बरोबर आहे. आमच्याकडे बंदूक लांबच असते. दस्ता खांद्याला लावून उडवतात ती बंदूक. मुठीत मावतं ते पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, जुन्या भाषेत तमंचा. पिस्तुलाला बंदूक म्हणायची सवय अलीकडची, बातम्यांतून आणि हिंदी सिनेमातून आलेली. इंग्रजीत ‘गन’ दोन्हींना चालतो म्हणून त्यांना ‘लाँग’ जोडावं लागतं. आपल्याला त्याची गरज नाही. ‘बंदूक’ आणि ‘पिस्तूल’ एवढं लिहा, मामांना कळेल.

शब्द कुठून आला तेही सांगतो. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, गोल कवचाचं फळ. त्यावरून गोळी आणि गोळीवरून ती उडवणारं हत्यार. काडतूस पोर्तुगीजांकडून आलं. बंदुकीची दारू फारसी, मुळात औषध.

शॉटगनला ‘छऱ्याची बंदूक’ म्हणा. ‘बारा बोर’ म्हणालात तर मामांना आणखी सोपं. फक्त हा बारा म्हणजे मिलिमीटर नव्हे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती नळी बारा बोरची. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. पुष्कळ लोक याचं उलटं समजतात.

फिलाडेल्फियाहून

मी इथे वकिलांच्या कचेरीत काम करते. ‘लांब’ सोडून द्या या मताशी मी सहमत नाही, कारण इथे सगळं त्या लांबीवरच ठरतं.

१९३४ च्या राष्ट्रीय कायद्यानुसार रायफलची नळी १६ इंचांपेक्षा किंवा छऱ्याच्या बंदुकीची १८ इंचांपेक्षा आखूड असली, किंवा पूर्ण हत्यार २६ इंचांपेक्षा आखूड असलं, तर त्याची वेगळी सरकारी नोंद लागते. पेनसिल्व्हेनियाचा कायदा याच्याही पुढे जातो. बंदुकांबद्दलच्या त्याच्या प्रकरणात ‘फायरआर्म’ शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि या मापांपेक्षा आखूड बंदुका एवढंच येतं. पूर्ण लांबीची शॉटगन त्या व्याख्येत ‘फायरआर्म’ नाहीच! गाडीबद्दलच्या कलमाचं शीर्षकच मुळी ‘फायरआर्मखेरीज अन्य भरलेली शस्त्रं’ अशा अर्थाचं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा पान मागे उलटलं होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. राज्याचा परवाना ‘फायरआर्म’ जवळ ठेवण्याचा आहे. तो हातात असेल तर भरलेलं पिस्तूल गाडीत चालतं. भरलेली शॉटगन मात्र त्या परवान्यावरही चालत नाही. पोलीस वगैरे मोजके अपवाद आणि शिकारीच्या कायद्यात जे दिलं असेल ते, एवढंच. म्हणून भारतातला सरकारी शब्द ‘अग्निशस्त्र’ इथे कृपा करून वापरू नका. आपल्याकडे अग्निशस्त्र म्हणजे दोन्ही. इथे त्याने अर्थ उलटाच होईल.

आता ‘भरलेली’ या शब्दाकडे या, कारण माणसं खरी फसतात ती इथे. आपण म्हणतो नळीत काडतूस आहे म्हणजे भरलेली, नाही म्हणजे रिकामी. पेनसिल्व्हेनियाच्या व्याख्येत बंदुकीला वेगळं निघणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, असेल आणि काडतुसं घातलेलं ते मॅगझिन त्याच पिशवीच्या त्याच कप्प्यात असेल, तरी बंदूक ‘भरलेली’ धरतात, मग नळी रिकामी का असेना. न्यूयॉर्कमध्ये फायरआर्म आणि त्याला चालणारी काडतुसं एकाच माणसाच्या ताब्यात एकाच वेळी असली की ते भरलेलं. कॅलिफोर्नियात उलट, काडतूस हत्यारात किंवा हत्याराला जोडलेलं असावं लागतं. एका शब्दाची ही तीन राज्यांतली तीन रूपं. मराठीत ‘ठासलेली’ म्हणून भागणार नाही. प्रत्येक वेळी ‘कायद्याच्या अर्थाने भरलेली’ असंच लिहावं लागेल.

ठाण्याहून, निवृत्त शिक्षक

क्रियापदांकडे वळतो, कारण ताईंचा मूळ प्रश्न तो आहे.

‘बाळगणे’ हा मुळात सांभाळण्याचा, पदरी ठेवण्याचा शब्द. पदरी माणसं बाळगतात, मनात राग बाळगतात, उराशी आशा बाळगतात. वस्तू कुठे आहे, हातात की कपाटात, हे त्यात येत नाही. म्हणून तो पझेसच्या जवळचा. अंगावर किंवा बरोबर घेऊन हिंडण्यासाठी मराठीत ‘वागवणे’ हा उत्तम शब्द आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. ‘पावसाळा संपला तरी छत्री वागवतोय’, ‘एवढं ओझं कशाला वागवतेस?’ हा कॅरी. आणि एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी पोचवायचं ते ‘वाहून नेणे’.

अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्रांबद्दल ‘कीप’ आणि ‘बेअर’ अशी दोन क्रियापदं आहेत. आपली वर्तमानपत्रं दोन्हींचं मिळून ‘शस्त्र बाळगण्याचा हक्क’ करतात आणि अर्धा वाद तिथेच गिळला जातो. २००८ च्या हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. स्कॅलिया यांनी ‘बेअर’ म्हणजे ‘कॅरी’ असा अर्थ लावला. तेव्हा शस्त्रं ठेवण्याचा आणि वागवण्याचा हक्क, असं म्हणायला हवं.

पण गाडीत ठेवलेली बंदूक माणूस ‘वागवतो’ का? या एका शब्दावर तिथलं सर्वोच्च न्यायालय १९९८ मध्ये ५ विरुद्ध ४ असं दुभंगलं होतं. मस्करेलो खटला. अमली पदार्थांच्या व्यवहाराला आलेल्या माणसाचं पिस्तूल त्याच्या ट्रकच्या कुलूपबंद ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे डॅशबोर्डातल्या कप्प्यात होतं. सोबतच्या दुसऱ्या प्रकरणात शस्त्रं डिकीत होती. अशा गुन्ह्याच्या वेळी शस्त्र ‘कॅरी’ केलं तर किमान पाच वर्षं कैद. न्या. ब्रेयर यांनी बहुमताचा निकाल लिहिताना शब्दकोश काढले, बायबल काढलं, संगणकावर वर्तमानपत्रांतली हजारो वाक्यं चाळली आणि ठरवलं की गाडीतून नेणं हाही कॅरीच. त्यांचा एक आधार व्युत्पत्तीचा होता: कॅरी हा शब्दच मुळात गाड्यावरून आलेला, लॅटिनमधल्या चाकाच्या गाड्याच्या नावावरून. न्या. गिन्सबर्ग यांच्या विरोधी मतात म्हणणं असं की, शस्त्राच्या बाबतीत कॅरी म्हणजे अंगावर, हाताशी तयार असणं.

आपल्या भाषेतही तोच पदर आहे. वाहणे आणि वाहन एकाच धातूचे, संस्कृत ‘वह्’. इंग्रजी ‘व्हेइकल’ लॅटिनमार्गे त्याच कुळातला. पण मराठी माणूस डिकीतल्या वस्तूला ‘वागवतोय’ म्हणणार नाही, ‘नेतोय’ म्हणेल. माझा कौल गिन्सबर्गबाईंना.

फिलाडेल्फियाहून

सर, ‘वागवणे’ फार आवडला, आणि कायद्यालाही तो नेमका बसतो. प्रवासासाठी मामेभावाला आधार आहे तो १९८६ च्या राष्ट्रीय कायद्याचा. ज्या ठिकाणी बंदूक ठेवायला आणि वागवायला कायद्याने मुभा आहे तिथून निघून, तशीच मुभा असलेल्या ठिकाणी जात असाल, तर मधल्या राज्याचा नियम काही असो, ती नेता येते. अट अशी की बंदूक भरलेली नसावी, आणि बंदूक व काडतुसं दोन्ही बसायच्या जागेतून सहज हाताला येणार नाहीत अशी असावीत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, पण ग्लव्ह बॉक्स आणि दोन सीटमधला कन्सोल चालत नाही.

तिथलं क्रियापद ट्रान्सपोर्ट आहे. म्हणजे हे संरक्षण ‘वाहून नेण्या’ला आहे, ‘वागवण्या’ला नाही. ताईंच्या पहिल्या वाक्यातला ‘स्वसंरक्षणासाठी’ हा शब्द म्हणूनच काढावा लागेल. स्वसंरक्षणासाठी ठेवलेली बंदूक हाताशी हवी, आणि हाताशी आली की या कायद्याचं छत्र गेलं. पेनसिल्व्हेनियाने २०११ मध्ये माणूस बसलेल्या गाडीला स्वसंरक्षणाच्या बाबतीत घरासारखा दर्जा दिला, तरी भरलेल्या शॉटगनवरची बंदी तशीच राहिली. हक्क कुठे आहे आणि साधन काय वापरता येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भावाला हे स्पष्ट सांगाच.

ह्युस्टनहून

टेक्ससपुरतं सांगतो. इथे शस्त्र वागवण्याबद्दलचं मुख्य कलम पिस्तुलांपुरतं आहे. बंदुकीला परवाना लागत नाही आणि गाडीत भरलेली ठेवायलाही आडकाठी नाही. सार्वजनिक जागी लोक घाबरतील अशा रीतीने ती दाखवणं हा मात्र गुन्हा आहे. पिकअपमध्ये कायमच्या ठेवलेल्या बंदुकीला इथे ‘ट्रक गन’ म्हणतात. नव्याने आलेली आपली मुलं हे बघून समजतात की सगळीकडे असंच चालतं.

अनेक राज्यांत बंदुकीवर पिस्तुलापेक्षा कडक नियम का, याचं उत्तर शिकारीत आहे. वॉशिंग्टन आणि मिनेसोटा राज्यांत गाडीतल्या बंदुकीचा नियम वन्यजीवांच्या कायद्यात सापडतो. रस्त्यावरून गाडीतल्या गाडीत हरणं मारू नयेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू.

एक गोष्ट कळकळीने. नोकरीच्या एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना इथे बंदूक ताब्यात ठेवायला राष्ट्रीय कायद्यानेच मनाई आहे. शिकारीचा परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. मामेभावाच्या सोबतीला गाडी चालवायला व्हिसावरचा मित्र येणार असेल तर आधी वकिलाला विचारा. ‘ती माझी नव्हती’ म्हणून ‘ताबा’ नव्हता असं ठरत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांची ऋणी आहे. मित्र खरंच येणार होता. आता भाऊ एकटाच निघतोय.

मामांसाठी असं लिहिलंय: ‘दादाला छऱ्याची लांब बंदूक टेक्ससला वाहून नेता येते. वाटेत ती वागवता येत नाही. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी, दोन्ही कुलपात आणि डिकीत. बसल्या जागेवरून हात पोचता कामा नये.’

‘सहज उपलब्ध’ असं आधी लिहिलं होतं, पण ते निविदेतलं वाटलं. ‘हात पोचता कामा नये’ बरोबर वाटतं का?

सिंधुदुर्गातून

बरोबर आहे. फक्त ‘डिकीत’च्या आधी ‘गवसणीत घालून’ टाका. मामांची बंदूक गवसणीतच असणार, त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहील.