मदत हवी आहे: सराफ्यातले रात्रीचे फोटो, तेही मोबाइलवर

नमस्कार मंडळी. इंदूरला राहते. फोटोग्राफी मनापासून शिकायची आहे, पण कॅमेऱ्याचं बजेट नाही. साधा मोबाइल आहे. दिवसा जमतंय. कृष्णपुरा छत्रीवरचं (होळकरांच्या समाधीवरचं) कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं, भरदुपारी तेच सपाट वाटतं, हे आता कळायला लागलंय.

अडतं ते रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात. कढईत गराडू (तळायचा कंद), वर लटकलेला लख्ख बल्ब आणि तळणाऱ्या काकांचा चेहरा काळा. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) लॉक केलं की बल्बचा नुसता पांढरा गोळा होतो. प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायचं) शटर १/६० सेकंद ठेवलं तर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० च्या वर जातो, फोटोत दाणे येतात. १/१५ वर आणलं की झारा धरलेला हात पुसट. ट्रायपॉडने तो हात काही थांबणार नाही, आणि त्या गर्दीत ट्रायपॉड ठेवणार कुठे?

मला वाटतं, दाणे चालतील, पुसट हात नको. तुम्ही काय करता? रॉमध्ये (फोनने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नंतर सावल्या उजळल्या तर फरक पडतो का? सेकंडहँड डीएसएलआर आणि कमी उजेडात चालणाऱ्या ५० एमएम एफ १.८ लेन्ससाठी पैसे साठवू, की अजून वर्षभर मोबाइलवरच हात बसवू?

कुणी रविवारी सकाळी राजवाड्याकडे फोटो काढायला जात असेल तर कृपया सांगा, मी येईन.