तुर्कस्तानचे परराष्ट्र धोरण: स्वायत्तता की आर्थिक नड?

प्रश्न:
मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार घातला, तेव्हापासून या देशाविषयी वाचतो आहे. १९५२ पासून नाटोचा सदस्य असलेला हा देश २०१९ मध्ये रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेतो, युक्रेनला बायरक्तार ड्रोन विकतो आणि रशियावर निर्बंध मात्र लादत नाही. यामागे आखीव धोरण आहे की पैशाची निकड?

प्रतिसाद १:
माझ्या मते निकडच अधिक. तेल आणि वायू बहुतांशी आयात करावे लागत असल्यामुळे परकीय चलनाची चणचण तुर्कस्तानच्या पाचवीलाच पुजलेली आहे, आणि वायूचा सर्वांत मोठा पुरवठादार रशियाच आहे. त्यात व्याजदर वाढवले की महागाई वाढते या राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या अजब हट्टापायी २०२१ च्या अखेरीस दर उतरवले गेले, लिरा हे चलन कोसळले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा अधिकृत दर ८५ टक्क्यांवर गेला. सौदी पत्रकार खशोगी यांच्या इस्तंबूलमधील खुनावरून ज्या सौदी राजवटीवर एर्दोआन तुटून पडले होते, तिच्याकडेच तो खटला एप्रिल २०२२ मध्ये वर्ग झाला. त्याच महिन्यात ते स्वतः सौदीला गेले आणि मार्च २०२३ मध्ये सौदीने तुर्की मध्यवर्ती बँकेत पाच अब्ज डॉलरची ठेव ठेवण्याचा करार केला. हा क्रम बोलका आहे.

प्रतिसाद २:
आखाताबाबत मान्य, पण सगळेच गणित पैशाचे नाही. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रस बेटावर केलेल्या लष्करी कारवाईनंतर अमेरिकेने शस्त्रबंदी लादली, १९७५ मध्ये आसेलसान ही संरक्षण कंपनी उभी राहिली आणि आजच्या शस्त्रोद्योगाचा पाया तेव्हा पडला. एस-४०० पायी तर अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून हकालपट्टी ओढवून घेतली. निव्वळ नडलेला देश असा आतबट्ट्याचा व्यवहार करत नाही. शिवाय १९३६ च्या माँत्रो करारामुळे काळ्या समुद्राच्या सामुद्रधुनींची किल्ली त्यांच्याच हाती आहे.

प्रतिसाद ३:
दोघांच्याही मांडणीत युरोप राहिला. १९९६ पासून औद्योगिक मालासाठी युरोपीय संघाशी सीमाशुल्क संघ (आपसांत आयातशुल्क नाही अशी व्यवस्था) लागू असल्याने बुर्सा आणि कोजाएलीच्या मोटार कारखान्यांचे पोट युरोपवरच भरते. मात्र युरोपीय संघाने तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करार केला की त्या देशाचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात विनाशुल्क येऊ शकतो, आणि तुर्की मालाला तिकडे वेगळ्या कराराशिवाय तीच सवलत मिळत नाही. त्या करारांच्या वाटाघाटींच्या मेजावर अंकाराला, म्हणजे तुर्की सरकारला, खुर्चीच नसते. मॉस्को-वॉशिंग्टनला खेळवणाऱ्या या देशाला ब्रसेल्सपुढे, म्हणजे युरोपीय संघापुढे, तीस वर्षांत ही अट बदलून घेता आलेली नाही.