नायजेरियातली हुशार पोरं चांगली नोकरी सोडून का जातात?

ओटाकर
नमस्कार मंडळी. मी नायजेरियात ओटाला असतो, लागोसला लागूनच आहे पण राज्य वेगळं, ओगुन. प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत मेंटेनन्स बघतो, माझा जळगावचा मेकॅनिकल डिप्लोमा आहे. तर माझ्या हाताखाली एक इग्बो (इथली पूर्वेकडची एक मोठी जमात) पोरगा आहे, पंचविशी उलटलेला, लागोसच्या याबा टेक पॉलिटेक्निकमधून एचएनडी म्हणजे हायर डिप्लोमा केलेला, म्हणजे दोन वर्षं एनडी (साधा डिप्लोमा), मग एक वर्ष कारखान्यात, मग परत दोन वर्षं, आणि त्याच्यावर ती एनवायएससीची वर्षभराची सक्तीची देशसेवा. पोरगं म्हणजे सोनं. परवा मोठ्या मशीनचं प्रेशर पडत होतं, आम्ही सगळे व्हॉल्व्ह खोलून बसलेलो, हा आला, पंपाचा आवाज ऐकला, सक्शन लाइनवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला हवा ओढतोय सर, क्लॅम्प बघा. क्लॅम्पच ढिला निघाला. आणि गेटवरच्या म्हाताऱ्या योरुबा (इथली स्थानिक जमात) वॉचमनला वाकून त्याच्याच भाषेत "एकारो सर", म्हणजे सुप्रभात, म्हटल्याशिवाय सकाळी आत पाऊल टाकत नाही.

आता हाच राजीनामा देतोय. काकाचं लागोसच्या लादिपो मार्केटला स्पेअर पार्टचं दुकान आहे तिथे बसणार म्हणे, पंप रिपेअर करणार, सील विकणार. एवढं शिकून दुकानात?? मी म्हटलं बाबा रे नोकरीत पुढे जाशील, तर येस सर म्हणाला, हसला आणि कामाला लागला. इथली पोरं एक तर जापा म्हणजे देश सोडून पळणार नाहीतर धंदा. याला थांबवू कसा?

इकेजाचे_जोशीकाका
ओटाकर, आधी एक सांगा, मुलगा कंपनीच्या रोलवर आहे का कॉन्ट्रॅक्टरच्या? मी पैजेवर सांगतो कॉन्ट्रॅक्टरच्या. इथे वर्षानुवर्षं कॅज्युअल म्हणून ठेवतात, ना ग्रॅच्युइटी ना बढती, आणि यात आपले भारतीय कारखानेही मागे नाहीत.

नोकरीत पुढे जाशील म्हणजे नक्की कुठे जाईल तो? तुमच्या खुर्चीत? राग मानू नका, पण तुमचा डिप्लोमा, त्याचा हायर डिप्लोमा, तुम्ही मॅनेजर आणि तो टेक्निशियन, वर तुम्हाला फ्लॅट, गाडी आणि ड्रायव्हर. हे त्याला दिसत नसेल असं वाटतं का तुम्हाला? बरं त्यांच्या त्यांच्यातही एचएनडीवाल्याला युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवाल्यापेक्षा कमीच लेखतात, सरकारी खात्यात एका लेव्हलच्या वर चढू देत नाहीत ही तर फार जुनी बोंब आहे. म्हणजे हाताने काम येणारा माणूस दोन्हीकडून खाली.

आणि दुकानाला नाक मुरडू नका. इग्बो लोकांत पोराला एखाद्या ओगाकडे म्हणजे मालकाकडे ठेवतात, साधारण पाच ते सात वर्षं, त्याच्या घरी राहायचं, दुकान झाडायचं, घरची कामंही करायची, पगार नाही. मुदत संपली की ओगा भांडवल देऊन वेगळं दुकान लावून देतो, त्याला सेटलमेंट म्हणतात. काही ओगा शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घालून हाकलूनही देतात, सगळं गोड नाही. पण बियाफ्राचं युद्ध, म्हणजे इग्बोंनी वेगळा देश मागितला ते, १९७० ला संपलं तेव्हा बँकेत कितीही पैसे असोत, हातात फक्त २० पौंड ठेवले होते या लोकांच्या, तिथून परत उभं राहण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे. त्यामुळे त्याच्या घरात दुकान म्हणजे हार नाही, तुमचा येस सर म्हणणारा पगारदारच त्यांना बिचारा वाटत असेल.

वाळूज_ते_न्नेवी
जोशीकाकांशी शंभर टक्के सहमत. आम्ही थ्री व्हीलरचे पार्ट पाठवतो, नायजेरियात रस्त्यावर जी पिवळी केके म्हणजे रिक्षा पळते ती म्हणजे आपली बजाज आरईच हो! न्नेवी या इग्बो शहरातले व्यापारी बघा एकदा, तिशीतली पोरं, बहुतेक सगळी अशीच कुणाच्या तरी हाताखाली तयार झालेली. क्लच प्लेट हातात घेतली की बोटाने कड चाचपून सांगतात हा लॉट मागच्यापेक्षा हलका आहे, आणि खरंच असतो राव. एकाने तर आमच्या क्वालिटीवाल्याला व्हिडिओ कॉलवर घाम फोडला होता, व्हर्नियर घेऊन बसला होता समोर. इनोसन गाड्यांचा मालक त्याच न्नेवीचा, स्पेअर पार्टमधूनच वर आलाय.

कानोचा_बंडू
सगळे एवढे भावुक का होताय? मी कानोला गिरणीत आहे, पोराला शिकवा, ट्रेनिंग द्या, आणि दोनशे किलोमीटरवरची दुसरी कंपनी थोडे नायरा (इथलं चलन) जास्त देते की हा चालला. मग कंपनीने खर्च करायचा तरी कशाला? आपल्याकडेही पोरं उड्या मारतातच पण निदान नोटीस तरी देतात. निष्ठा वगैरे काही नाही, सरळ हिशोब.

इकेजाचे_जोशीकाका
बंडू, हिशोबच आहे ना, मग तुम्हीही करा. मे २०२३ ला पेट्रोलची सबसिडी गेली, २०० नायराच्या आतलं पेट्रोल बघता बघता ५०० च्या आसपास, जूनमध्ये नायरा मोकळा सोडला तो घसरतच गेला. आपला पगार डॉलरला बांधलेला, त्याचा नायरात. लागोसच्या मुशिनहून ओटाला यायचा डॅन्फोचा, म्हणजे मिनीबसचा, खर्च काढा आणि मग निष्ठा मागा. आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने नोटीस कुणाला द्यायची, कॉन्ट्रॅक्टरला?

निशिगंधा_लीड्स
मी नर्स आहे, लीड्सला. तुमच्या जापाचं दुसरं टोक इथे बघते. आमच्या केअर होममध्ये नायजेरियन पोरी आहेत, एक लागोसला बँकेत ऑफिसर होती, एक शाळेत शिकवायची. २०२२ ला केअर वर्करला व्हिसा मिळायला लागला तेव्हा आल्या, आता म्हाताऱ्यांना अंघोळ घालतात, पॅड बदलतात. घरी फक्त "हेल्थकेअर" एवढंच सांगितलंय, स्टेटसला बर्फ आणि कोट. दर महिन्याला भावंडांच्या फिया पाठवायच्या, नाही म्हणायची सोय नाही. ११ मार्च २०२४ नंतर आलेल्यांना तर नवरा-मुलांनाही आणता आलं नाही, आणि जुलै २०२५ ला बाहेरून नवीन भरतीच बंद केली सरकारने.

पण त्यांची कीव करू नका हं. ती बँकवाली, तिला इथल्या मॅनेजरने नाव लांब आहे म्हणून दोन अक्षरी करून दिलं होतं, तिने बॅज परत केला आणि पूर्ण योरुबा नाव छापून आणायला लावलं, आता नव्वदीच्या आजीबाई पण घोकून घोकून तेच म्हणतात. रविवारी चर्चला निघते तेव्हा डोक्याला तो कडक 'गेले', म्हणजे त्यांचा फेट्यासारखा रुमाल, बांधून अशी निघते की आमच्या पैठण्या फिक्या! कामाची लाज तिला वाटत नाही, लोक काय म्हणतील याची वाटते, आणि हे दोन वेगळं आहे. तुमचा मुलगा लादिपोला जातोय म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या नावाने काम करतोय, त्याच्यासाठी मला तर बरंच वाटलं.

ओटाकर
सगळ्यांचे आभार. जोशीकाका, कॉन्ट्रॅक्टरच्याच रोलवर निघाला, जॉइन झाल्यापासून. एचआरला विचारलं तर म्हणे तो कॉन्ट्रॅक्टरचा विषय. आणि निशिगंधाताई, स्वतःच्या गावात म्हणाल तर तेही पूर्ण खरं नाही, जन्म लागोसचा, योरुबा फाडफाड बोलतो, पण प्रत्येक फॉर्मवर स्टेट ऑफ ओरिजिन अनांब्रा लिहावं लागतं, बापाचं गाव. परवा जेवताना सांगत होता, लागोस सरकारच्या नोकरीचा फॉर्म भरावासाच वाटत नाही म्हणून.

इकेजाचे_जोशीकाका
हो ना, तिकडे लोकल नाही म्हणून आणि आपल्याकडे लोकल आहे म्हणून अडकला. बरं, तुमच्या जीएमना एक आठवण करून द्या, एक्सपॅट कोटा, म्हणजे परदेशी माणूस ठेवायची परवानगी, घेताना कंपनी लिहून देते की त्या जागेवर नायजेरियन माणूस तयार करतोय, अंडरस्टडी म्हणतात त्याला. तुमच्या जागेचा अंडरस्टडी म्हणून कागदावर कुणाचं नाव आहे ते बघा जरा.

ओटाकर
बघितलं. अकाउंट्समधल्या एका माणसाचं नाव आहे 😐 त्याला पाना धरता येत नाही. जीएम सरांकडे गेलो, याला रोलवर घेऊ, असिस्टंट मॅनेजर करू, तर म्हणाले पुढच्या बजेटला बघू. पोराला सांगितलं, तो म्हणाला थँक यू सर, पण मी सीएसीला (कंपन्या नोंदवणारं सरकारी खातं) धंद्याचं नाव रजिस्टर करून टाकलंय. मग मीच विचारलं की आमचे पंप बाहेरून रिपेअरला घेशील का. दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर कोटेशन, पंपाच्या साइजप्रमाणे रेट, सत्तर टक्के ॲडव्हान्स, आणि खाली लिहिलंय की ब्रेकडाउनला रात्री बोलावलं तर चार्ज वेगळा. इतकी वर्षं रात्री फुकट येत होता. जीएम म्हणतात महाग आहे.

वाळूज_ते_न्नेवी
लादिपोला सत्तर टक्के म्हणजे नॉर्मल आहे भाऊ, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढा लवकर. आणि सील ओरिजिनल टाकणार का तोकुंबो म्हणजे बाहेरून आलेल्या जुन्या पंपातले काढून ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

ओटाकर
लिहिलंय त्याने, ओरिजिनल, सहा महिने वॉरंटी. तो लिहिणारच.