मदत हवी आहे: रेबीजच्या आतल्या प्रोटीनवरच्या अँटिबॉडी नेमकं काय करतात?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय, सेमिनारला रेबीज घेतलाय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. या व्हायरसला बाहेरून 'जी' नावाच्या प्रोटीनचे काटे, आत आरएनएला (व्हायरसच्या जनुकीय धाग्याला) घट्ट लपेटलेलं 'एन' प्रोटीन. जी वर अँटिबॉडी चिकटली की व्हायरस पेशीत शिरू शकत नाही, हे कळतं, लसीनंतर रक्तात अशा अँटिबॉडी दर मिलीलीटरला निदान 0.5 आययू (मोजायचं एकक) आहेत का बघतात ते पण याच्यासाठीच. पण 1987 च्या एका प्रयोगात नुसतं आतलं आरएनपी, म्हणजे आरएनएसकट एन प्रोटीन, टोचून उंदीर आणि रॅकून वाचले, तेही व्हायरस निकामी करणाऱ्या अँटिबॉडी आधी रक्तात नसताना!

आता एन तर आवरणाच्या आत, मग अँटिबॉडी त्याला गाठते कुठं? पेशीत जाऊन व्हायरसची वाढ रोखते, की खरं काम टी पेशींचं (संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचं) आणि अँटिबॉडी नुसती सोबतीला? पेशींवरच्या प्रयोगांत एन विरुद्धच्या काही अँटिबॉडींनी वाढ रोखलेली आहे, त्यामुळं सगळं टी पेशींवर ढकलायला मन धजत नाही.

आमच्या गल्लीतल्या पोराच्या पोटरीवर कुत्र्याचे चार दात उमटले होते, नळाखाली साबण लावून धुताना त्याची आई एकसारखी विचारत होती, इंजेक्शन कसं वाचवतं ओ? तिला 'जी' प्रोटीनपर्यंतचं सांगता आलं. आपल्या लशीत अख्खा मारलेला व्हायरस असतो म्हणजे एन पण आलंच, मग त्याचा माणसाला किती उपयोग?

शिरवळच्या व्हेटर्नरीतलं किंवा व्हायरॉलॉजीतलं कुणी असेल तर प्लीज सांगा, वाचायला काही सुचवलं तरी चालेल.