अनुभव धागा: २०२४ मध्ये तुम्ही खरंच काय खेळलात?

मंडळी, वर्ष संपत आलंय आणि जिकडे बघावं तिकडे 'टॉप टेन'च्या याद्या. १२ डिसेंबरला लॉस एंजेलिसात ॲस्ट्रो बॉटला गेम ऑफ द इयर मिळाला, त्यावर लोकांची भांडणंही करून झाली. इथे ती परत नकोत प्लीज. बक्षीस मिळालेला गेम वेगळा आणि आपण उद्या ऑफिस आहे हे माहीत असूनही 'हा शेवटचा डाव' म्हणत ज्याच्यासमोर बसून राहतो तो वेगळा. मला दुसऱ्याबद्दल ऐकायचंय.

अटी फार नाहीत. यावर्षी आलेला किंवा यावर्षी ज्यात नवीन भर पडली असा गेम, आणि तो स्वतः खेळलेला हवा, यूट्यूबवर बघितलेला धरणार नाही. पीसी, कन्सोल, मोबाईल काहीही चालेल. नुसतं नाव टाकून पळू नका, काय झालं ते सांगा. शेवट कुणी फोडू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझा बलाट्रो. फेब्रुवारीत आला, कॅनडातल्या एकाच माणसाने बनवलाय, तो लोकलथंक या नावाने वावरतो, खरं नाव सांगत नाही. पत्ते आहेत, पोकरचे हात लावायचे, पण समोर कोणी नाही आणि खरे पैसेही नाहीत. दर फेरीला ठरावीक पॉइंट करायचे, पहिल्या फेरीला ३००, मग आकडा वाढतच जातो. मदतीला जोकर विकत घ्यायचे, एकूण १५० प्रकारचे आहेत, पण एका वेळी हातात साधारण पाचच. झालं, एवढाच गेम. पण हे पाच जोकर कोणत्या क्रमाने मांडलेत यावर सगळं फिरतं हे कळलं आणि मी त्यात गेलो तो गेलोच.

उदाहरण देतो म्हणजे पटेल. बदामचा राजा, राणी, दश्शी, अठ्ठी, सत्ती असा कलर लावला, म्हणजे पाचही पत्ते बदामचेच. पत्त्यांचे ४५ आणि कलरचे स्वतःचे ३५ मिळून ८० चिप्स, गुणक ४, आणि या दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉइंट. माझ्याकडे दोन जोकर, एक गुणकात १५ मिळवणारा केळ्याचा आणि एक कलर असला की गुणक दुप्पट करणारा. मोजणी डावीकडून उजवीकडे होते. केळं डावीकडे ठेवलं तर ४ अधिक १५, त्याची दुप्पट, ३८, म्हणजे ३०४० पॉइंट. तेच केळं उजवीकडे सरकवलं तर ४ ची दुप्पट ८, त्यात १५, २३, म्हणजे फक्त १८४०. आणि त्या फेरीला हवे होते ३०००. तेच पत्ते, तेच जोकर, फक्त एक बोटाने इकडून तिकडे ओढलाय. आकडा गरजेच्या पुढे गेला की स्कोअरवर ज्वाळा उठतात ना, त्या बघायला मी कितीतरी रात्री घालवल्यात.

चला, येऊ द्या.

रावेरकर

केळ्याचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. त्या जोकरचं नाव ग्रो मिशेल आहे. ही खरी केळ्याची जात. एकेकाळी जगात निर्यात व्हायची ती हीच, मग पनामा नावाच्या बुरशीच्या मर रोगाने बागाच्या बागा गेल्या आणि तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. गेममध्ये बघा, दर फेरीच्या शेवटी ग्रो मिशेल नष्ट व्हायची सहात एक शक्यता असते, आणि तो गेला की मगच दुकानात कॅव्हेंडिश नावाचा जोकर यायला लागतो, गुणक थेट तिप्पट करणारा, आणि तो जायची शक्यता हजारात एक. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात जिकडे तिकडे जी-नाइन दिसतं ते कॅव्हेंडिशमधलंच. ज्याने हे दोन जोकर बनवले त्याला केळ्याचा इतिहास माहीत आहे. फक्त हजारात एक हे त्याने जरा उदारपणे दिलंय, कारण त्याच बुरशीचा नवीन प्रकार आता कॅव्हेंडिशच्या मागे लागलाय. वडिलांना दाखवलं तर म्हणाले गेममध्ये तरी भाव मिळतोय का बघ.

पंचगंगा_एक्सप्रेस

ब्लॅक मिथ वुकाँग. विषय संपला. २० ऑगस्टला आला आणि तीन दिवसांत १ कोटी कॉपी खपल्या, चीनच्या गेम सायन्सने बनवलाय. १३० जीबी जागा मागतो, माझ्या पीसीत काय बसंना, मग मित्राच्या खोलीवर जाऊन खेळलो, त्याच्याकडं चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे. सोपं-अवघड करायचं सेटिंगच नाही यात, जे समोर येईल त्याला तोंड द्या. पहिल्याच भागात तो पांढरा लांडगा, लिंगशूझी, देवळाच्या अंगणात, त्यानं आम्हा तिघांना पाळीपाळीनं धुतलं. शेवटी ट्रिक काय तर त्याला मंत्रानं जागच्या जागी गोठवायचा आणि तेवढ्यात दोन-चार हाणायच्या, लोभ सुटला आन् अजून एक मारायला गेला की मेला.

पण मला आवडलेली गोष्ट मारामारीची नाहीच. दुसऱ्या भागात वाळवंटात एक जण बसलेला असतो, मुंडकंच नाही, मांडीवर तीन तारांचं वाद्य, आणि तो गातोय. लई भारी आवाज. नंतर वाचलं की ती चीनमधल्या उत्तर शान्शीकडची गोष्ट सांगायची खरी लोककला आहे, वाद्य वाजवत कथा लावायची. आपल्याकडं शाहीर डफावर थाप मारून सुरू करतो तसाच जोर त्यात. भाषेचं एक अक्षर कळलं नाही, तरी मी तिथं कंट्रोलर खाली ठेवून गाणं संपेपर्यंत बसलो. राक्षस वाट बघत होता, बघू दे म्हणलं.

आज्जी मागं बसलेली असायची कधीकधी. तिचं ठाम मत, यातला माकड नायक म्हणजे मारुतीच आहे, फक्त ह्यांनी नाव बदललंय.

माऊमावशी

मोठे गेम मला झेपत नाहीत आणि कोणी मेलं की लेक रडते. आम्ही दोघींनी लिटल किटी बिग सिटी खेळलं. काळी मांजर खिडकीतून खाली पडते आणि तिला घरी परत जायचंय, मासे खाल्ले की वर चढायची ताकद वाढते. पण लेकीने घरी जाऊच दिलं नाही! टोप्या गोळा करायच्या, कुंड्या पाडायच्या, कावळ्याला चमकणाऱ्या वस्तू नेऊन द्यायच्या, माणसांच्या पायात घोटाळायचं. मुद्दामून म्याव करायचं वेगळं बटण आहे. बास, अजून काय पाहिजे.

जुनाखोंड

प्रिन्स ऑफ पर्शिया, द लॉस्ट क्राउन. जानेवारीत आला आणि डिसेंबरच्या याद्यांत सगळे विसरले, म्हणून लिहितोय.

१९८९ चा पहिला प्रिन्स आम्ही क्लासच्या कॉम्प्युटरवर खेळायचो, काळ्या-निळ्या स्क्रीनवर, सरांनी फेरी मारली की फट्कन डॉसवर यायचं. एक तासात राजकन्येला सोडवायचं, जमिनीतून वर येणारे काटे, खालून फरशी निसटायची. त्यामुळे नवीन आला की घ्यायचा हे ठरलेलंच होतं, पण यातला नायक राजपुत्रही नाही, सार्गोन नावाचा योद्धा आहे, राजपुत्राला शोधायला काफ पर्वतावर जातो. परत बाजूने दिसणारा, उड्या मारायचा गेम केलाय, थ्रीडीची हौस बाजूला ठेवून. उत्तम निर्णय.

आणि एक सोय अशी दिलीये की बाकीच्यांनी निमूटपणे ढापावी. अशा गेममध्ये सतत होतं काय, की एक उंच दरवाजा दिसतो, आत्ता जमत नाही, पुढे कुठलीतरी शक्ती मिळाल्यावर परत यायचं असतं, आणि तोवर आपण विसरलेलो असतो की दरवाजा कुठे होता आणि त्यात अडचण काय होती. इथे तिथल्या तिथे फोटो काढून नकाशावर टाचता येतो. नंतर नकाशा उघडला की त्या जागी तुमचाच फोटो. पंचेचाळिशीनंतर याची किंमत कळते राव. वाईट एवढंच की हा बनवणारी युबिसॉफ्ट कंपनीची फ्रान्समधल्या माँपेल्येची टीम ऑक्टोबरात विखुरली, सगळ्यांना दुसऱ्या कामांवर पाठवलं. एवढं नेटकं काम केल्यावर.

हडपसर_बायपास

पुण्याचाच म्हणून इंडस हा मोबाईलवरचा नेमबाजीचा गेम उतरवला ऑक्टोबरात. सुपरगेमिंगवाले. नकाशाचं नाव विरलोक, शेवटी कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊनही जिंकता येतं, सगळ्यांना मारत बसावं लागत नाही, हे आवडलं. बोटं मात्र अजून बीजीएमआयच्याच, म्हणजे भारतातल्या पबजीच्या, सवयीची आहेत. रोजचा गेम नाही झाला, पण कंपनीतली पोरं लंचमध्ये खेळतात.

वर_खाली_उजवी_डावी_वर

नाव वाचून ओळखलं ना? हेलडायव्हर्स २. मेलेल्या भिडूला परत बोलवायचा कोड आहे तो. यात प्रत्येक मदत मागवायची म्हणजे बाणांचा कोड दाबायचा, तोफ हवी वेगळा कोड, बॉम्ब हवा वेगळा कोड, आणि हे सगळं मागे किडे लागलेले असताना. एक बाण चुकला की पहिल्यापासून.

आमची हॉस्टेलची चौकडी आता पुणे, बंगळूर, डब्लिन आणि टोरांटोत आहे. फोन करायचं म्हटलं की एकाची मीटिंग, दुसऱ्याचं बाळ. पण शनिवारी ग्रह वाचवायचा म्हटलं की चारही जण हजर, टोरांटोवाला तर सकाळी चहा घेऊन बसतो. आपली गोळी आपल्याच माणसाला लागते यात, आणि ते बंद करता येत नाही. डब्लिनवाल्याने एकदा ५०० किलोचा बॉम्ब मागवला आणि लाल झोत पडला तो थेट आमच्या परतीच्या यानाच्या दारात, जिथे आम्ही तिघे त्याची वाट बघत उभे होतो. तो एकटाच लांब होता. वर म्हणतो, 'मी तर वाचलो ना.' पुढची पंधरा मिनिटं नुसत्या शिव्या आणि हसणं, मिशनचं काय झालं कोणाच्याच लक्षात नाही. याच्यात गोष्ट शून्य आहे, रोजचं काम तेच तेच आहे, पण बाकी कुठल्या गेमने आम्हाला असं एका जागी आणलं नाही.

निशाचर

ॲनिमल वेल. बिली बासो या एकाच माणसाने साधारण सात वर्षं काढली त्यावर, आणि आकार ४० एमबीहून कमी! वुकाँग १३० जीबी म्हणणाऱ्या पंचगंगाभाऊंना नमस्कार. एका अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत तुम्ही एक छोटा गोळा आहात, शब्दाने कोणी काही सांगत नाही. हत्यार नाही. फटाके, बुडबुड्यांची कांडी, यो-यो, बासरी असल्या वस्तू मिळतात आणि प्रत्येकीचा दुसरा उपयोग असतो. बुडबुड्यावर उभं राहता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, चुकून पाय पडला. उत्तरं शोधू नका नेटवर. वही घेऊन बसा. यापेक्षा जास्त लिहिलं तर तुमची मजा जाईल.

लीड्सची_सून

माझा कोणी ऐकलेलाही नसेल. थँक गुडनेस यू आर हिअर, ऑगस्टमध्ये आला. यॉर्कशरमधल्या बार्न्सवर्थ नावाच्या काल्पनिक गावात एक बुटका सेल्समन येतो आणि जो दिसेल त्याची कामं करत सुटतो. करायचं काय, तर चापट मारायची. माणसाला, डब्याला, कोंबडीला, सगळ्याला. दोन-तीन तासांत संपतो. इथे राहायला आले तेव्हा शेजारच्या आजोबांचं बोलणं एक शब्द कळायचं नाही, आता गेममधले सगळे तसंच बोलतात आणि मी नवऱ्याच्या आधी हसते, हा माझा या देशातला खरा विजय. विनोद थोडे चावट आहेत, मुलांसमोर लावू नका.

ॲस्ट्रोचा_बाबा

बक्षीसवाला गेम नको म्हणालात तरी लिहितोच. पोरासाठी घेतला, मीच खेळतोय. कंट्रोलर हातात असताना रोबो वाळूवरून चालला की वेगळं जाणवतं, काचेवरून वेगळं, पाऊस पडला की तळहातावर टपटप. एका ठिकाणी पाठीवर उंदीर घेऊन आपण एवढेसे होतो आणि मघाशी जी झाडं होती त्यांच्या आत शिरतो. पोरगं 'बाबा, आता माझा नंबर' म्हणत बसतं बिचारं.

खेळगडी_धागाकर्ता

वा! रावेरकर, तुमच्या प्रतिसादानंतर मी आता केळ्याचा जोकर विकतच नाही, सडायची वाट बघतो.

सेकंडहॅंड_लॅपटॉप

सगळं वाचलं. ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी, लॅपटॉप भावाचा जुना. यातलं काय चालेल? आणि दोन तासांच्या वर वेळ नसतो.

निशाचर

बलाट्रो आणि ॲनिमल वेल दोन्ही चालतील, काही बघावं लागणार नाही. दोन तास म्हणत असशील तर ॲनिमल वेल घे. बलाट्रो दोन तासांत बंद करून उठलेला माणूस अजून मला भेटलेला नाही.