मदत हवी आहे: फवारणी पंपाच्या वायरीला सोल्डर धरत नाही

राम राम मंडळी. यावल तालुक्यातून विचारतोय. कपाशीवर फवारायचा पाठीवरचा १२ व्होल्टचा बॅटरी पंप आहे. मोटरकडे जाणारी वायर स्विचजवळ तुटली. नुसता पीळ देऊन टेप लावली, पण चालताना हिसके बसतात आणि दोन दिवसांत जोड सुटतो. म्हणून घरीच सोल्डरचा डाग द्यायचं ठरवलं.

माझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर तार आणि सोल्डरिंग पेस्ट आहे. सोल्डर वितळतं, पण वायरीवर गोळी होऊन घरंगळतं. वायरीचे तंतू काळे पडले होते, ते पॉलिश पेपरने घासले, पेस्ट लावली, आधी वायर तापवून मग सोल्डर लावलं. तरी तेच. आयर्न ठीक आहे, कारण दुसऱ्या एका तांब्याच्या वायरीला त्यानेच पक्का डाग बसला. बॅटरी काढूनच काम करतो.

एक शंका आहे. ब्लेडने खरवडल्यावर तंतू आतून पांढरट दिसतात. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल का? की कथलाचा थर दिलेलं तांबंच, आणि मलाच जमत नाहीये? हे घरच्या घरी खात्रीने कसं ओळखायचं? आणि ॲल्युमिनियमच निघालं, तर हिसके सोसेल असा जोड कसा करावा? पूर्ण वायर बदलता येत नाही, एक टोक मोटरच्या बंद डब्यात आहे.